परिचारिका-शिक्षणातील ‘सांस्कृतिक सुरक्षितता’

अमेरिकेतील मॅडेलिन लायनिंगर ह्यांनी न्यू गिनीतील गाडसुप लोकांचा अभ्यास करून परिचर्येला मानवशास्त्राची जोड दिली. रुग्णाच्या चालीरीती परिचारिकेने जाणून घ्याव्यात, हा त्यांचा आग्रह होता. न्यूझीलंडमध्ये हाच प्रश्न उलट बाजूने मांडला गेला. इरिहापेती रॅम्सडेन (१९४६–२००३) ह्या माओरी परिचारिकेच्या मते विद्यार्थिनीने प्रथम स्वतःचे पूर्वग्रह व स्वतःच्या हातची सत्ता तपासावयास हवी. शुश्रूषा सुरक्षित झाली की नाही, हे रुग्णच ठरवील. येथील शब्दयोजना मार्मिक आहे. संवेदनशीलता हा शुश्रूषा करणाऱ्याचा गुण, तर सुरक्षितता हा ती घेणाऱ्याचा अनुभव होय. १९९२ साली तेथील परिचर्या परिषदेने हे तत्त्व अभ्यासक्रमात आणले. त्यावर वृत्तपत्रांतून गदारोळ उठला आणि १९९५ साली प्रकरण संसदीय समितीपुढे गेले. मार्गदर्शक सूत्रे पुढे सुधारण्यात आली. संज्ञा मात्र टिकली.