मुलीनं ‘मी’ म्हटलं तेव्हा

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जफेडीवर बोललो, आज कादंबऱ्यांवर बोलायचं आहे. राजाराणीच्या नव्हे. तेरा, चौदा, सोळा वर्षांच्या मुलामुलींवर घरात आणि गावात जे गुदरतं, ते खरंखरं सांगणाऱ्या कादंबऱ्यांवर.

आमच्या काही गटांत हप्ता जमा झाला, वही लिहून झाली की अर्धा तास मोठ्यानं वाचन होतं. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. ज्यांना अक्षर लागत नाही त्याच जास्त प्रश्न विचारतात. आम्ही म्हटलं, दहावीच्या पोरींनाही बसू द्या. तर लगेच एक आजी म्हणाल्या, “असली पुस्तकं पोरींच्या कानावर घातली की पोरी बिघडतात.” हा आक्षेप त्यांच्या एकटीचा नाही. तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे, म्हणून त्याची गोष्ट मुळापासून सांगतो.

सुरुवात कादंबरीपासून नाही, एका खऱ्या मुलीपासून करावी लागते. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली नवऱ्यानं कोर्टात दावा लावला. तेव्हा रखमाबाईंनी इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून बालविवाहानं मुलीचं काय होतं ते मांडलं. पण त्या पत्रांखाली नाव होतं ‘एक हिंदू स्त्री’. १८८७ साली कोर्टानं सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. पुढं सुरत आणि राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले.

म्हणजे ज्या काळात मुलीनं आपल्या नावानं चार ओळी छापणंही अवघड होतं, त्या काळात पुण्यात हरि नारायण आपटे यांनी एक वेगळीच गोष्ट केली. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः छापायला घेतली. तेव्हा त्यांचं वय होतं सव्वीस. कादंबरी सांगते यमुना, स्वतःच्या तोंडानं. “मी अशी होते, मला असं वाटलं,” या थाटात. भातुकलीच्या वयापासून तिची गोष्ट सुरू होते. घरात बापाचा दरारा, आईची मुकाट सोशीकता, जवळची मैत्रीण दुर्गी हिच्या वाट्याला आलेला वाईट नवरा, हे सगळं यमू लहान डोळ्यांनी बघते. तिला स्वतःला नवरा चांगला मिळतो. रघुनाथराव तिला वाचायला प्रोत्साहन देतात, मुंबईला नेतात. तिथं तिला जरा मोकळा श्वास मिळतो. मग रघुनाथराव वारतात. सासरी परतलेल्या यमुनेचं डोकं बळजबरीनं भादरलं जातं. पुढं तीही फार दिवस जगत नाही.

ही कहाणी वाचताना आमच्या गटात जे झालं ते सांगायलाच हवं. बायकांना वाटलं होतं, ही पुण्याच्या ब्राह्मणांची जुनी गोष्ट, आपलं काय? आपल्यात तर पाट लागायचा. पण डोकं भादरायचा प्रसंग आला तेव्हा कोणी बोलेना. नंतर एक ताई म्हणाली, “आमच्याकडं केस काढत नव्हते, पण हळदीकुंकवाला बोलवत नाहीत ते काय येगळं?” त्या दिवशी पुढचं पान वाचलंच नाही. तासभर तेच चाललं.

केशवपनाची गोष्ट कादंबरीपुरती नव्हती हेही लक्षात ठेवा. त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिक बांधवांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं गेलं. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. एकीकडं वस्तरा हातात असणारे ‘नाही’ म्हणत होते, दुसरीकडं ज्यांच्या डोक्यावर तो फिरायचा त्यांचं मन आपटे लिहीत होते. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीशी संबंध ठेवण्याचं किमान वय दहाचं बारा झालं. बारा! एवढ्यासाठीसुद्धा पुण्यात रण माजलं होतं.

आमच्या मते आपट्यांचं मोठेपण कायद्यात नाही, त्या ‘मी’मध्ये आहे. त्याआधी १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं, त्यात विधवांची दुःखं होतीच. पण ते बाहेरून बघणं होतं. इथं मुलगी स्वतः बोलते. फक्त एक गोष्ट खटकते, ती म्हणजे हा ‘मी’ एका पुरुषानं उसना दिला होता. पुरुष असल्यामुळंच त्यांना स्वतःचं नाव लपवावं लागलं नाही.

बाईनं लिहायचं म्हटलं की काय होतं, ते १९३३ साली दिसलं. ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह आला. लेखिका ‘विभावरी शिरूरकर’. शिकलेल्या, वय वाढलेल्या, लग्न न जमलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात सरळ लिहिलं होतं. गदारोळ उठला. लिहिलंय त्याचा विचार करायचा सोडून लोक ही बाई कोण याच्याच मागं लागले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या. ‘पोरी बिघडतील’ हे तेव्हाही म्हटलं गेलं.

ही फक्त आपल्याकडची तऱ्हा नाही. अमेरिकेत टल्सा नावाच्या शहरात एका मुलीला आपल्या वयाच्या पोरांची खरी गोष्ट कुठल्या पुस्तकात सापडेना, म्हणून पंधराव्या वर्षी तिनं स्वतःच लिहायला घेतली. गरीब वस्तीतली पोरं, मारामाऱ्या, आईबापांविना घर. १९६७ साली ‘द आउटसायडर्स’ छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पण मुखपृष्ठावर नाव आलं एस. ई. हिंटन. मुलीनं लिहिलंय हे कळलं तर वाचणारे नाकं मुरडतील, म्हणून प्रकाशकानं नुसती आद्याक्षरं टाकायला लावली. किशोरवयीनांसाठी खऱ्याखुऱ्या कादंबऱ्यांचा जो मोठा प्रवाह तिकडं पुढं वाढला, त्याच्या सुरुवातीला हे पुस्तक सांगतात.

आता आपल्या भागाकडं येऊ. १९२९ साली इंग्रजी मुलखात बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, मुलीचं वय चौदा ठरलं. लोक त्याला शारदा कायदा म्हणतात. पुष्कळांना वाटतं हे नाव देवलांच्या ‘शारदा’ नाटकावरून पडलं. नाटकही म्हाताऱ्याशी लावून द्यायला काढलेल्या पोरीचंच, १८९९ सालचं. पण कायद्याचं नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आहे. आणि तो कायदा झाला तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे पुण्याची मुलगी आणि जालन्याची मुलगी यांच्यात कायद्याचीही सरहद्द होती. आपण १९४८ साली मोकळे झालो. आपला जिल्हा तर १९८१ साली झाला. आपल्याकडं सगळंच जरा उशिरा पोचतं, पुस्तकंसुद्धा.

मराठवाड्याच्या बोलीत बाईनं ‘मी’ म्हटलेलं आम्हाला पहिल्यांदा भेटलं ते रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त, १९७१ साली. खेड्यातल्या शिंप्याची बायको आपल्या संसाराची वाताहत आपल्याच भाषेत सांगते. ती पोर नाही, आई आहे. पण वाचताना गटातल्या बायका म्हणाल्या, “हे तर आपलंच बोलणं छापलंय.” पुस्तकात आपल्यासारखं बोललेलं चालतं, हेच अनेकींना नवीन होतं.

पोरीची गोष्ट म्हणून राजन गवस यांची ‘चौंडकं’ घ्यावी. १९८५ सालची, कोल्हापूरकडची. सुलीच्या केसांत जट येते आणि घरचे तिला यल्लम्माला सोडतात. तिला कोणी विचारत नाही. जट म्हणजे न विंचरल्यानं झालेला केसांचा गुंता, तो सोडवता येतो किंवा कापता येतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या पोटात वाचताना कालवाकालव होते.

मुलांच्या बाजूनं मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ प्रसिद्ध आहे, २००४ सालची. आणीबाणीतला नववीचा मुकुंद, त्याला वर्गातली शिरोडकर आवडते. सुंदर पुस्तक आहे. पण शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते आपल्याला मुकुंदाच्या नजरेतूनच कळतं. आमच्याकडच्या एका मुलीनं विचारलं, “तिच्या घरी तिला कोण काय म्हणालं असंल?” सिनेमाही आला या पुस्तकावर, तरी त्या मुलीचा प्रश्न तसाच राहिला.

आणि आमच्या पोरींचं काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांमागे सुमारे पस्तीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं. राज्याचा आकडा बावीसच्या आसपास आहे. कारणं तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत आहेत. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयत्यावर उचल. दिवाळीनंतर आईबाप गाव सोडणार, वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? मग घाईघाईत उरकायचं. बारावीची स्वप्नं बघणारी मुलगी पाचटावर झोपायला जाते.

त्या मुलीनं ‘मी’ म्हणून सांगितलेली कादंबरी आमच्या गटाच्या कपाटात नाही. कपाटात बावीस पुस्तकं आहेत. पण गेल्या वर्षापासून एक वहीही आहे. तिच्यात मुली लिहून ठेवतात, कोणी अर्धं पान, कोणी चार पानं. नाव घालायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. आम्ही ती वही रेडिओवर वाचत नाही, कोणाच्या घरी नेत नाही. एकदा त्यात लग्न ठरल्याचं वाचलं तेव्हा मात्र गप्प बसलो नाही. १०९८ ला फोन केला, ग्रामसेवकांना भेटलो. बालविवाह रोखण्याचं काम गावात त्यांच्याकडं असतं. वहीतलं अक्षर कोणाचं, हे आम्ही कोणालाच सांगितलं नाही.

त्या आजी आता वाचनाला येतात. पोरींना बसू द्यायचं की नाही यावर त्यांचं मत बदललेलं नाही, पण ‘यमीचं पुढं काय झालं’ हे मागच्या बैठकीत त्यांनीच विचारलं. आपट्यांची कादंबरी आता कोणीही छापू शकतं, त्यामुळं ती स्वस्तात मिळते. तालुक्याच्या वाचनालयातही मागून बघा. आम्ही पुढच्या महिन्यात ‘चौंडकं’ सुरू करतोय. ज्या गटांना सोबत वाचायचं आहे त्यांनी बैठकीचा वार आम्हाला कळवा, म्हणजे प्रत फिरवता येईल.