पूर्वजांची भाषा : मॉरिशसची मराठी

मॉरिशसच्या अनेक जनगणनांमध्ये भाषेविषयी दोन वेगळे प्रश्न आढळतात : घरी कोणती भाषा बोलता आणि तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती? ज्या मराठी वंशाच्या नागरिकाने पहिल्या प्रश्नाला 'क्रेओल' आणि दुसऱ्याला 'मराठी' असे उत्तर दिले, त्याने कोणतीही विसंगती केलेली नाही. 'मातृभाषा' या आपल्या संकल्पनेत मात्र हे उत्तर बसत नाही. ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

गुलामगिरी संपुष्टात येत असताना, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर मॉरिशसला नेले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. त्यांतील बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले थोडे; त्यांत कोकणातले लोक होते. मळ्यांवरचा परस्पर व्यवहार भोजपुरीत आणि क्रेओलमध्ये चाले. अल्पसंख्य मराठी कुटुंबांनाही त्या भाषा आत्मसात कराव्या लागल्या. नोंदवह्यांच्या पद्धतीने नावेही बदलली. वडिलांचे पहिले नाव मुलांचे आडनाव होऊन बसले आणि मूळ आडनाव अनेक घरांतून पुसले गेले. या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. आपले मूळ गाव शोधणारे वंशज तेथेच येतात.

भाषा घरातून ओसरली तरी सण टिकले. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. गणपतीपुढे 'झाकरी' होते. हे कोकणातल्या जाखडीचेच रूप. तिच्यातील शब्द पाठ असतात, पण गाणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा अर्थ उलगडतोच असे नाही. दुसरीकडे प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. तेथे मूल देवनागरी गिरवते आणि प्रमाण मराठी शिकते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटते. शाळेतली मराठी ही त्या मुलाच्या पणज्याची भाषा नव्हे. पणजा कोकणातली बोली बोलत होता. पुण्या-मुंबईच्या छापील गद्याशी त्याचा संबंध बहुधा आलाच नसेल. म्हणजे 'पूर्वजांची भाषा' या नावाखाली मुलाच्या हाती पडते ती पूर्वजांनी न बोललेली भाषा. आणि पूर्वजांचा खरा उच्चार झाकरीसारख्या गाण्यांतून, अर्थाविना का होईना, त्याच्यापर्यंत पोचतो. वारसा असा दोन ठिकाणी विभागलेला आहे.

२०१२ मध्ये प्राथमिक शाळेत क्रेओल हाही ऐच्छिक विषय झाला. पालकांना क्रेओल आणि पूर्वजांची भाषा यांतून एकीची निवड करावी लागली. घरात बोलली जाणारी भाषा आणि वंशाची ओळख सांगणारी भाषा अशा समोरासमोर आल्या. मराठी निवडणारा पालक तेव्हा संवादाचे साधन निवडत नाही. तो आपल्या मुलाचे एका परंपरेशी नाते जाहीर करतो.

आपण या मराठीचे मोजमाप शुद्धलेखनाने करतो किंवा 'सातासमुद्रापार मराठी' म्हणून तिचे कौतुक करून थांबतो. दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. वारसा रक्तातून आपोआप उतरत नाही, प्रत्येक पिढीला तो नव्याने शिकावा लागतो, याचा हा स्पष्ट पुरावा आहे. मराठीच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात या शिकून मिळवलेल्या मराठीला, आणि तिच्याबरोबर झाकरीलाही, स्थान मिळायला हवे. महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये इंग्रजी माध्यमात वाढणाऱ्या मराठी मुलांचा विचार करतानाही तो इतिहास उपयोगी पडेल.