एका शब्दाच्या मालकीचा वाद

अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत ‘विवाह’ हा शब्द एकदाही आलेला नाही. विवाह कोणी कोणाशी करावा, त्याची नोंद कशी व्हावी, तो कसा मोडावा, हे सारे तेथे पहिल्यापासून राज्यांकडे सोपवलेले आहे. मात्र १९९८ ते २०१२ या काळात सुमारे तीस राज्यांनी आपापल्या घटनेत दुरुस्ती करून समलिंगी विवाहाला दार बंद केले. बहुतेकांनी तर विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचाच संबंध, अशी व्याख्या लिहून घेतली. जे काम एरवी कोशकाराचे, ते मतदारांच्या हाती का जावे? या वादाकडे सहसा ‘धर्म विरुद्ध हक्क’ असे पाहिले जाते. आमच्या मते ही मांडणी अपुरी आहे. हक्कांचा प्रश्न खरा होताच. पण वाद पेटला तो एका शब्दाच्या मालकीवरून, आणि त्या शब्दावर दावा सांगणाऱ्या दोन्ही बाजूंना धर्माची माणसे होती.

प्रथम तेथील रीत समजून घ्यावी लागते. फ्रान्समध्ये नगरपालिकेतला विवाह वेगळा आणि चर्चमधला वेगळा. कायद्याच्या दृष्टीने पहिला तेवढाच खरा. अमेरिकेत वधूवर काउंटीच्या कचेरीतून परवाना घेतात, मग पाद्री, रब्बी किंवा न्यायाधीश विवाह लावतो, कागदावर सही करतो आणि तो कागद पुन्हा सरकारदप्तरी जमा होतो. म्हणजे वेदीसमोर उभा असलेला पाद्री त्या घटकेला ईश्वराचा सेवक असतो आणि राज्याचा मुखत्यारही. चर्च व राज्यसंस्था यांच्यात भिंत असावी असे अभिमानाने सांगणाऱ्या या देशात विवाहापुरती ती भिंत पातळ राहिली. एकच विधी, एकच कागद आणि दोघांचा मिळून एकच शब्द.

१९७० साली मिनियापोलिस येथे जॅक बेकर व मायकेल मॅककॉनेल या दोन तरुणांनी विवाहाचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. १९७१ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल देताना विवाहसंस्थेचे प्राचीनत्व सांगण्यासाठी बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाचा दाखला दिला. पुढच्या वर्षी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अपील एका वाक्यात निकालात काढले. येथे वाचकांनी एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. निधर्मी न्यायालय धर्मग्रंथाचा आधार घेत होते, तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये ट्रॉय पेरी या धर्मोपदेशकाने १९६८ साली समलिंगी भाविकांसाठी स्थापलेल्या चर्चमध्ये अशा जोडप्यांचे विवाह लागत होते. एका वेदीने शब्द दिला होता आणि कचेरीने तो अडवून धरला होता.

हक्कांची बाजू मांडणाऱ्यांना आधार सापडला तो १९६७ च्या ‘लव्हिंग’ खटल्यात. श्वेतवर्णी पुरुष व कृष्णवर्णी स्त्री यांचा विवाह गुन्हा ठरवणारा व्हर्जिनियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केला. असे कायदे तेव्हा सोळा राज्यांत होते. त्याच खटल्यात खालच्या न्यायाधीशाने, ईश्वराने निरनिराळे वंश निरनिराळ्या खंडांत ठेवले ते त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणूनच, अशा आशयाचे लिहिले होते. पण ही तुलना कृष्णवर्णीयांच्या अनेक चर्चना रुचली नाही. आपल्या पूर्वजांच्या यातना दुसऱ्याच कोणाच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरल्या जात आहेत, अशी त्यांची भावना होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरातही हा प्रश्न सुटला नाही. २००४ साली त्यांच्या पत्नी कोरेटा यांनी समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्तीला जाहीर विरोध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची धर्मोपदेशक कन्या बर्निस या विवाहांना विरोध करणाऱ्या अटलांटातील मोर्चात चालली. दोघीही एकाच वारशाचा आधार घेत होत्या.

१९९३ मध्ये हवाईच्या न्यायालयाने अशा विवाहांना अनुकूल कौल दिला आणि राजकारण जागे झाले. १९९६ साली प्रतिनिधिगृहाने ३४२ विरुद्ध ६७ आणि सिनेटने ८५ विरुद्ध १४ मतांनी ‘विवाहसंरक्षण’ कायदा संमत केला. डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. संघराज्याच्या लेखी विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच, असे त्यात ठरले. हा शब्द केवळ मानाचा नव्हता. विवाहित असण्यावर अवलंबून असलेल्या संघराज्याच्या कायदेशीर तरतुदी सरकारी लेखापरीक्षकांनी मोजल्या, त्या २००४ पर्यंत १,१३८ भरल्या.

मग तडजोड पुढे आली. व्हर्माँटने २००० साली समलिंगी जोडप्यांना विवाहाचे राज्यस्तरीय हक्क दिले, पण नाव दिले ‘नागरी सहबंध’. हक्क घ्या, शब्द सोडा, असा हा सौदा होता. मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटने आपल्या सर्वोच्च न्यायालयाला विचारले, आम्हीही असेच केले तर चालेल काय? फेब्रुवारी २००४ मध्ये बहुमताचे उत्तर आले : चालणार नाही. हक्क तेच असतील तर नाव वेगळे ठेवण्याला, या नागरिकांना खालच्या पायरीवर ठेवणे, एवढाच अर्थ उरतो. १७ मे २००४ रोजी त्या राज्यात विवाह सुरू झाले. शाळांमधील ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, त्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे झाली होती.

प्रतिक्रिया तीव्र झाली. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी संघराज्याच्या घटनेत दुरुस्तीची मागणी केली. ती सिनेटमध्ये अडली, पण त्या एका वर्षात तेरा राज्यांच्या मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मात्र २००८ च्या कॅलिफोर्नियाचे आहे. तेथे ‘गृहसोबत’ या नावाखाली विवाहाचे जवळजवळ सारे राज्यस्तरीय हक्क आधीच मिळालेले होते. ज्या दिवशी बराक ओबामा निवडून आले, त्याच दिवशी तेथील ५२ टक्के मतदारांनी अवघे चौदा इंग्रजी शब्द घटनेत घातले. पुढे त्या राज्याच्या न्यायालयाने स्पष्ट केले की या दुरुस्तीने हक्क गेले नाहीत, गेले ते ‘विवाह’ हे अभिधान. एका अभिधानासाठी दोन्ही बाजूंनी कोट्यवधी डॉलर खर्च केले होते. ‘नावात काय आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हा खर्च जरूर पाहावा.

धर्मसंस्था या काळात एका सुरात बोलत नव्हत्या. कॅथलिक बिशप, सदर्न बॅप्टिस्ट आणि मॉर्मन चर्च विरोधात उभे होते. विवाह हा मानवी करार नसून ईश्वरी योजना आहे, ही त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती. दुसरीकडे ‘युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट’ने २००५ मध्ये विवाहसमानतेचा ठराव केला, युनिटेरियन त्याआधीच, १९९६ मध्ये, तेथे पोहोचले होते. ओबामांनी २००८ च्या प्रचारात आपल्या ख्रिस्ती श्रद्धेचा हवाला देऊन विवाह स्त्री-पुरुषांचाच म्हटले होते; २०१२ मध्ये मत बदलतानाही त्यांनी श्रद्धेचाच, इतरांशी आपल्यासारखे वागावे या ख्रिस्तवचनाचा, आधार घेतला. त्याच वर्षी मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांत प्रथमच मतदारांनी अशा विवाहांना मान्यता दिली.

न्यायालयात शेवटी जे खटले पोचले, ते मृत्यूच्या कागदपत्रांचे होते. एडिथ विंडसर यांची सहचारिणी २००९ मध्ये वारली. टोरांटोत झालेला त्यांचा विवाह संघराज्य मानत नसल्यामुळे विंडसर यांच्यावर ३,६३,०५३ डॉलरचा वारसाकर आला. २०१३ मध्ये त्या जिंकल्या. त्याच वर्षी ओहायोचे जिम ओबर्गफेल आपल्या मरणासन्न जोडीदाराला, जॉन आर्थरला, विमानाने बाल्टिमोरला घेऊन गेले आणि धावपट्टीवर उभ्या विमानातच त्यांचा विवाह लागला. मृत्यू-दाखल्यावर आपले नाव हयात जोडीदार म्हणून असावे, एवढीच त्यांची मागणी होती. ओहायो तेवढे लिहायला तयार नव्हते. २६ जून २०१५ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला आणि समलिंगी विवाह देशभर कायदेशीर झाले. विरोधी मत देणारे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचा आक्षेपही मोलाचा आहे : शब्दाचा अर्थ बदलावा की नाही हे जनतेने ठरवायचे, पाच न्यायाधीशांनी नव्हे.

निकालाने वाद संपला नाही, त्याने जागा बदलली. केंटकीतील काउंटी कारकून किम डेव्हिस यांनी श्रद्धेपोटी परवाने देण्याचे नाकारले आणि त्यांना पाच दिवस तुरुंगवास घडला. निकालच फिरवावा ही त्यांची विनंती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ऐकण्यास नकार दिला. दुसरीकडे, समलिंगी विवाहासाठी संकेतस्थळ तयार करण्याची सक्ती संकल्पकावर करता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने १९९६ चा कायदा रद्द करून समलिंगी विवाहांना वैधानिक संरक्षण दिले. धर्मसंस्थांचे स्वातंत्र्य राखणाऱ्या तरतुदी त्यात असल्यामुळे २००८ मध्ये कॅलिफोर्नियात विरोधाची आघाडी सांभाळणाऱ्या मॉर्मन चर्चनेही त्याला पाठिंबा दिला. स्वतःच्या विधीत मात्र त्यांनी तसूभरही बदल केला नाही. आणि ते चौदा शब्द कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच २०२४ मध्ये घटनेतून काढून टाकले.

शब्दाचे दोन अर्थ असे हळूहळू सुटे होऊ लागले. कचेरीतला अर्थ सर्वांसाठी सारखा, वेदीपुढचा ज्याच्या त्याच्या श्रद्धेनुसार. हा दुसरा अर्थ अजून ठरायचा आहे. युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९७२ पासून आपल्या शिस्तग्रंथात असलेले समलैंगिकतेच्या निषेधाचे वाक्य २०२४ मध्ये वगळले. पण तोवर त्या वाक्यावरून अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या चर्च सोडून गेल्या होत्या. एका वाक्यासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रार्थनाघर दुभंगू देतात. त्या वाक्याचा अर्थ त्यांच्या जगण्यात किती खोल गेलेला असेल, हे शब्दांचा अभ्यास करणाऱ्या आपण सर्वांनी तरी गंभीरपणे समजून घ्यायला हवे.