लहरींचं गायरान

गावाचा इतिहास सांगा म्हटलं की माणसं देवळापासून सुरुवात करतात. मग सदुसष्टचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, पहिली एसटी, पहिली वीज. ही सालं म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहेत. पण गावात इंटरनेट कधी आलं नि कुणी आणलं असं विचारलं, तर आजची पोरं म्हणतात, “ते काय, मोबाईलमधनं आलं.” आमच्याकडं तसं आलं नाही. पाटण तालुक्यातल्या आमच्या खोऱ्यात ते आलं डोंगरावरच्या एका जुन्या गोठ्यावरनं. हा इतिहास कुठं तरी कागदावर असावा म्हणून लिहितोय. मी दहावी शिकलेला शेतकरी. यंत्रातलं मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. हिशेबाची वही मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याकडंच आहे.

आधी थोडं मागं जायला हवं. माझ्या वडलांनी रेडिओ घेतला, तेव्हा त्याचं लायसन होतं. दरसाल पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तकावर नोंद करून आणायची. आपल्या घरात, आपल्या पैशानं घेतलेल्या डब्यावर आवाज ऐकायचा, तरी सरकारची परवानगी लागायची. त्यामागं १९३३ सालचा इंग्रजांचा कायदा. बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना पाहिजे, असं त्यात होतं. रेडिओची ही फी ऐंशीच्या दशकात बंद झाली. पण हवेतल्या लहरी सरकारच्या मालकीच्या, ही समजूत कायम राहिली.

आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं मुंबईला माथाडी कामावर. त्यामुळं निरोप ही आमची भाकरीइतकीच गरजेची वस्तू. मयताची तार यायची, तार म्हटली की बायका वाचायच्या आधीच रडायच्या. फोन करायचा तर पाटणला जाऊन ट्रंक कॉल लावायचा आणि दीड-दोन तास बाकावर बसायचं. पुढं पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ आलं. रात्री दर कमी व्हायचा, म्हणून जेवणं उरकून लोक रांगेत उभे राहायचे. तार तर जुलै २०१३ मध्ये देशभरच बंद झाली.

१९९५ साली दोन गोष्टी घडल्या. दोन्ही आम्हाला फार उशिरा कळल्या. फेब्रुवारीत क्रिकेटचे सामने दाखवण्याच्या हक्कावरनं चाललेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांनाही परवाने मिळू लागले. देशभराचा, राज्याएवढ्या भागाचा आणि त्याहून लहान भागाचा, असे परवान्यांचे तीन वर्ग झाले.

त्याच १९९८ साली आमच्या शेजारी कोल्हापूर-सांगलीकडं वारणा खोऱ्यात सत्तर गावांत संगणक बसवायची योजना निघाली. केंद्र, राज्य आणि वारणेची सहकारी मंडळी असे तिघं त्यात होते. आमच्याकडचे ऊसवाले ते बघून आले. येऊन सांगायचे, “नोंद, वजन, बिल समदं मशीनवर दिसतंय.” पुढं काही वर्षांनी तिथं संगणकाच्या जागी मोबाईलवरच्या मेसेजनं काम चालवून बघितलं गेलं. शेतकऱ्याला पाहिजे असते ती उसाची खबर. ती कुठल्या यंत्रातनं येते याचं त्याला काही नसतं.

आता मूळ मुद्द्याला येतो. जानेवारी २००५ मध्ये सरकारनं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा आणि पुढं ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, असे लहरींचे दोन पट्टे मोकळे केले. ताकद ठरलेली, अटी ठरलेल्या. पण त्या पाळल्या तर त्या लहरी वापरायला वेगळं लायसन नको. पुतण्यानं मला हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, “म्हणजे गायरान की रं.” गायरान कुणा एकाचं नसतं. तिथं कुणीही आपली गुरं सोडावीत, फक्त दुसऱ्याच्या गुरांना शिंग मारू देऊ नये. लहरींचंही तसंच. लोकांना नेटची सेवा विकायची तर परवाना लागतोच, पण ज्या हवेतनं ती न्यायची, ती मोकळी झाली. शहरातल्या घराघरांतलं वायफाय त्याच गायरानावर चरतं. आणि ही मोकळीक नसती, तर आमच्यासारख्यानं डोंगरावर डिश लावायचं नावही काढलं नसतं. हिमाचलात धरमशाळेला त्याच सुमारास असलंच जाळं डोंगरांवरनं उभं राहिलं होतं. पुतण्यानं त्याची माहिती वाचली होती.

पुतण्या आयटीआय झालेला, पाटणला केबलवाल्याकडं कामाला. २०११ च्या दिवाळीनंतर त्यानं घरात विषय काढला. परवाना असलेल्या एका कंपनीची फ्रँचायजी घ्यायची. पाटणला त्यांच्या इमारतीवर एक डिश, आमच्या माळावरच्या गोठ्याच्या छपरावर दुसरी, मधे सरळ रेषेत अकरा किलोमीटर. गोठ्यावरनं खाली वाड्यांकडं तोंड करून तीन अँटेना. ज्याला जोडणी हवी त्याच्या घरावर छोटा डबा. दोन म्हशी विकल्या, पतसंस्थेचं कर्ज काढलं. वहिनी म्हणाल्या, “म्हशी दूध देत्यात, ह्यो डबा काय देणार?” प्रश्न रास्त होता. वसुलीतले साठ टक्के कंपनीचे, चाळीस आमचे, आणि लाइट, बॅटरी, दुरुस्ती सगळी आमच्या चाळिसातनं.

ह्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे नजर. एका डिशला दुसरी दिसली पाहिजे. नुसती दिसूनही भागत नाही. दोघींच्या मधे लांबट भोपळ्यासारखी, मध्यावर फुगीर अशी जागा मोकळी लागते. आम्ही जोडणी केली उन्हाळ्यात. खालच्या वाडीला सगळं झकास चाललं. जून-जुलैत नेट रडायला लागलं. लोक म्हणायचे, पावसानं लहरी भिजल्या. खरं तर आम्ही वापरतो त्या लहरींना पावसाचं फारसं काही वाटत नाही. मधल्या सागाला पानं फुटली होती, आणि ओल्या पानांतनं त्या पार होईनात. डबा दुसऱ्या घराच्या माडीवर हलवला, तिथनं वायर ओढली. ज्यांच्या माडीवर डबा गेला, त्यांना महिन्याला शंभर रुपये सूट दिली. वहीत ती ‘माडीभाडं’ म्हणून आहे.

दुसरं म्हणजे वीज. पुण्या-मुंबईत नेट बंद पडलं तर माणूस कंपनीला शिव्या देतो. आमच्याकडं दहातल्या सात तक्रारी लाइटच्या निघायच्या. गोठ्यावर बॅटऱ्या ठेवल्या, पुढं सौर पॅनल लावलं. अर्थिंगला खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरला, तरी वळवाच्या विजेनं दोन वर्षांत तीन डबे खाल्ले. वानरांनी वायरी कुरतडल्या त्या वेगळ्याच. वनकुसवड्याच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात, त्या आमच्या गोठ्यावरनं दिसतात, आणि आम्ही खाली बॅटरीत पाणी घालत बसलेलो.

तिसरं म्हणजे वाटणी. सुरुवातीला आमच्याकडं चार एमबीची लाइन आणि सदतीस घरं. हे गणित मला कुणी शिकवायला लागलं नाही. लिफ्टचं पाणी असंच असतं. मोटर एक, शेतं अनेक. सगळ्यांनी एकदम दारं धरली तर कुणाच्याच सरीला पाणी पोचत नाही. म्हणून पुतण्यानं पाळी लावली. घरामागं वेगाला कमाल हद्द, आणि मोठे सिनेमे उतरवायचे ते रात्री अकरानंतर. एक मास्तर ऐकेनात. त्यांना मी पाण्याचीच गोष्ट सांगितली. ते बागायतदाराचे जावई, लगेच समजले.

लोक काय करायचे ह्या नेटवर? पहिली दोन वर्षं जास्त करून मुंबईशी बोलायचे. घणसोलीला खोलीत बसलेला बाप आणि इथं ओट्यावरची लेक एकमेकांना बघायचे. मग सातबारा, परीक्षेचे अर्ज, बाजारभाव. वसुली मी करायचो. महिन्याला तीनशे. पण पगारदार वाडीत थोडे, म्हणून ऊसबिल आलं की सहा महिन्यांचे एकदम, नाही तर भाताच्या सुगीत. एका आजीनं दोन पायली इंद्रायणी आणून ठेवली. “नाना, लेकाचं त्वांड दिसलं, ह्ये घ्या.” कंपनीच्या हिशेबात तांदळाला रकाना नव्हता. आमच्या वहीत आहे.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि पुढचे काही महिने डेटा फुकट मिळाला. त्या वेळपर्यंत आमची जोडणी एकसष्ट घरांवर गेली होती. वर्षभरात सव्वीसवर आली. लोकांना नावं ठेवायचं कारण नाही. फुकट मिळत असताना तीनशे कोण देईल? पण टॉवरची रेंज खोऱ्याच्या तोंडाला होती, वरच्या तीन वाड्यांना डोंगर आडवा. ती सव्वीस घरं बहुतेक तिथलीच.

आणि २०१७ चा पावसाळा आला. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफी जाहीर झाली. अर्ज भरायचा ऑनलाइन, नवरा-बायको दोघांची माहिती, आधारवरचा अंगठा. मुदत वाढत वाढत सप्टेंबरपर्यंत गेली. सबंध राज्य एकाच वेळी अर्ज भरत होतं, त्यामुळं दिवसा पान उघडायला घटका-घटका लागायची. आमच्या ग्रामपंचायतीतलं केंद्र पुतण्याच्या लाइनवर चालायचं. रात्री दोननंतर काम सरकतं हे ध्यानात आलं, तशी माणसं घोंगड्या घेऊन पंचायतीच्या ओसरीवर झोपायला यायला लागली. वरच्या वाडीची म्हातारी जोडपी विजेरी घेऊन ओढा ओलांडून यायची. तिथं चौथ्या दिवशी पाटणची लाइन गेली. रस्ता रुंदीकरणात कुणाच्या तरी जेसीबीनं केबल तोडली होती. ज्या कंपनीकडनं आम्ही लाइन घ्यायचो, तिथला फोन उचलणारा माणूस दर वेळी नवा, आणि प्रत्येक जण म्हणायचा, चोवीस तासांत होईल. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पुतण्यानं पाटणच्या ओळखीच्या दुकानदाराची दुसरी लाइन दोन डिश फिरवून गोठ्यावर घेतली आणि पंचायतीत अंगठे पुन्हा सुरू झाले. त्या पंधरवड्यात आमच्या पंचायतीतनं एकशे चौदा अर्ज गेले. आकडा वहीत आहे, कारण पोरं मला नंबर लिहायला बसवायची.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्यांनी जोडणी सोडली होती ती घरं परत आली. मोबाईलवर एकाचा तास चालायचा, पण तीन भावंडं आणि मुंबईहून आलेला चुलता असल्यावर रेंज पुरेना. ज्यांना पैसे द्यायला जमत नव्हतं, त्यांच्या पोरांसाठी देवळाच्या सभामंडपात वायफाय खुलं ठेवलं, सकाळी नऊ ते बारा. देवाच्या दारात पोरं अंतर ठेवून बसायची, मास्तर फोनमधनं बोलायचे.

आता सरकारी योजनांचं. सगळ्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली, तिचंच पुढं भारतनेट झालं. आमच्या पंचायतीतही ती तार आली. पंचायतीच्या भिंतीपर्यंत. तिथनं वाडी दीड कोस, मधे ओढा नि रान. ते अंतर योजनेचं नव्हे, ते कुणी तरी चालायचं असतं. मुंबईच्या आयआयटीच्या मंडळींनी पालघरच्या गावांत ग्राममार्ग नावानं हेच ओळखलं. तारेच्या टोकापासनं पुढं बिनतारी न्यायचं आणि पंचायतीला भागीदार करायचं, असा त्यांचा विचार. २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पीएम-वाणी काढलं, त्यात लहान दुकानदारालाही लायसनशिवाय, फीशिवाय वायफाय विकता येतं. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे आणखी पट्टे मोकळे झाले. म्हणजे गायरान वाढलं.

पण गायरानाचा आमचा अनुभव असा, की ते नुसतं कागदावर राहून टिकत नाही. आमच्या गावचं गुरांचं गायरान सातबाऱ्यावर आहे, जागेवर निम्मं उरलंय. गुरं कमी झाली, राखणारं कुणी राहिलं नाही, तशी कुंपणं सरकत आली. लहरींचंही तेच होईल, अशी मला काळजी आहे. मोठ्या कंपन्या लिलावात घेतलेल्या लहरींवर चालतात, त्यांचं चालू दे. पण मोकळ्या लहरी वापरणारी, रात्री दोनला फोन उचलणारी, वाडीतल्या माणसाला नावानं ओळखणारी खेड्यातली पोरं हा धंदा सोडून गेली, तर ह्या लहरी राखायला हव्यात असं दिल्लीत सांगायला कुणाचं तोंड उघडणार?

पुतण्याला पुण्याच्या एका कंपनीत टॉवर देखभालीची नोकरी सांगून आलीय. पगार आमच्या चाळीस टक्क्यांच्या दुप्पट. त्याची बायको म्हणते जावं, आणि तिचं चूक नाही. आज एक्केचाळीस घरं जोडलेली आहेत. त्यातली एकोणीस मोबाईलची रेंज न पोचणारी. वरच्या वाडीतली एक पोरगी, बारावी विज्ञान झालेली, गेले चार महिने त्याच्याबरोबर गोठ्यावर चढते. डिश कशी फिरवायची, वायरीला टोक कसं बसवायचं, हे शिकतेय. तिच्या बापानं मला विचारलं, “नाना, पोरीच्या जातीला डोंगरावर चढायचं काम बरं दिसतंय का?” मी त्याला म्हटलं, “तुझी आई सरपणाला जन्मभर चढली, तवा कुणी इचारलं व्हतं?” तो हसला आणि वसुलीचे तीन महिन्यांचे नऊशे देऊन गेला. बॅटऱ्या चार वर्षं जुन्या झाल्यात, दिवाळीच्या आत बदलायच्या आहेत. नऊशे त्याच खात्यावर लिहून ठेवलेत.