एका सिस्टरमागे किती?

कार्तिकी उरकल्यावर चार दिवसांनी पंढरपूरला मावशीकडे गेलो होतो. गर्दी ओसरलेली, प्रदक्षिणा मार्गावरचे दुकानदार निवांत गप्पा छाटत बसलेले. रात्री जेवणं झाल्यावर मागच्या पडवीत आम्ही तिघं बसलो होतो. मावशी, तिची लेक म्हणजे आमची ताई, आणि मी. मावशी सरकारी नोकरीत सिस्टर होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ताईसुद्धा सिस्टर. नातेवाइकांना हे माहीतच आहे, ब्लॉगवाल्या मित्रमंडळींसाठी सांगितलं.

बोलता बोलता ताई म्हणाली, "तू इतिहासाचं एवढं वाचत असतोस. साथी काय आत्ताच आल्या का? आधीच्या साथींत आमच्यासारख्या बायकांचं काय झालं, लिहिलंय का रे कुठे?"

मी मोठ्या ऐटीत तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की सावित्रीबाई फुल्यांच्या पुढे मला एक वाक्य सांगता येत नाहीये. घरात दोन सिस्टर असलेल्या माणसाची ही गत! पुण्याला परत आल्यावर पुस्तकं काढून बसलो. हा लेख म्हणजे ताईला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे असं समजा.

सुरुवात सावित्रीबाईंपासूनच करायला हवी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात आला. सावित्रीबाईंनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ माळावर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला प्लेगची गाठ आल्याचं कळल्यावर साठी ओलांडलेल्या या बाईने त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मुलाचं नाव पांडुरंग होतं, हे वाचताना आमच्यासारख्या पंढरपूरच्या भाच्याला जरा थांबायला होतंच.

पण ताईचा प्रश्न वेगळा होता. सावित्रीबाई कुणाच्या नोकरीत नव्हत्या. त्यांनी स्वतः ठरवून उडी घेतली होती. पगारावर, रोजच्या ड्यूटीवर साथ झेलणाऱ्यांचं काय?

तर त्याच काळातला एक प्रसंग. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर हल्ला केला. 'आत नेलेला माणूस परत येत नाही', 'इस्पितळात माणसं मारतात' अशा अफवा होत्या. सरकारची जबरदस्तीही होतीच. लोकांचा राग समजण्यासारखा होता. पण तो निघाला कुणावर? आत खाटेशी उभ्या असलेल्यांवर. कायदा करणारे कौन्सिलात होते, तिथपर्यंत दगड पोचत नाहीत.

कायद्यावरून आठवलं. प्लेगमुळे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा. रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी करा, संशयितांना वेगळं ठेवा, हुकूम मोडेल त्याला शिक्षा करा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. संपला कायदा. रुग्णाशेजारी कोण उभं राहणार, किती तास, त्याची सोय काय, यावर एक अक्षर नाही. आणि गंमत (खरं तर गंमत कसली!) बघा, २०२० मध्ये करोना आला तेव्हा आपण हाच कायदा बाहेर काढला. २२ एप्रिल २०२० ला त्यात वटहुकुमाने दुरुस्ती केली, आरोग्य कर्मचाऱ्याला मारहाण केली तर पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे सव्वाशे वर्षांनी कायद्याला सिस्टर दिसली, पण तिला मारहाण होते तेव्हा दिसली. तिला बारा तास पाणी प्यायला मिळत नाही तेव्हा नाही.

मधल्या काळातही खूप काही घडलं होतं. १८८६ च्या सुमारास मुंबईत नर्सिंगचं रीतसर शिक्षण सुरू झालं. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली शिकायला आलेल्या पहिल्या भारतीय नर्सचं नाव बाई काशीबाई गणपत असं दिलेलं असतं. बस, एवढंच, एका ओळीत. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या मुलींना, त्यात बऱ्याच विधवा, ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. चांगल्या घरच्या बाईने परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, कुठल्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. रमाबाईंना घरोघर समजूत घालावी लागली असणार. आणि समजूत घालायला सगळ्यात सोपा शब्द कोणता? सेवा. 'ही नोकरी नव्हे, ही सेवा आहे.'

मला वाटतं, मेख इथेच आहे. त्या काळात या शब्दाने बायकांसाठी दार उघडलं, त्याचे उपकार आहेतच. मावशी त्याच दारातून आत गेली. पण सेवेला तास नसतात. सेवेचा हिशेब मागणं वाईट दिसतं. ज्या शब्दाने आत घेतलं त्याच शब्दाने पुढे तोंड बंद केलं.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा घ्या. जूनमध्ये मुंबईत आला, थोडा ओसरला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली ती भयंकर होती. हिंदुस्थानात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसं गेली असे अंदाज आहेत. पहिलं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे डॉक्टर आणि नर्स मोठ्या संख्येने लष्कराकडे गेलेले. मागे उरलेल्यांवर सगळा भार. पहिली लाट सौम्य, दुसरी मारक, आणि मधल्या काळात तयारी नाही... ओळखीचं वाटतंय ना?

आता आपल्या साथीकडे येतो. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने आधीच 'नर्स आणि मिडवाइफ यांचं वर्ष' म्हणून जाहीर केलं होतं, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला (१२ मे १८२०) दोनशे वर्षं होत होती. त्याच एप्रिलमध्ये संघटनेचा अहवाल आला, की जगात सुमारे ५९ लाख नर्स कमी आहेत. अहवाल आला तेव्हा साथ दारात उभी होती.

इकडे पंढरपुरात मार्चच्या मध्याला विठ्ठल मंदिर भाविकांसाठी बंद झालं. त्या वर्षी पायी वारी नाही, संतांच्या पादुका एसटी बसने आल्या, १ जुलैच्या आषाढीला गावात संचारबंदी. पंढरपूरकराला याहून मोठा धक्का नाही. मंदिर नोव्हेंबरात उघडलं. या सगळ्या काळात देवाचं दार बंद आणि दवाखान्याचं उघडं होतं.

आपल्या गावाची गोष्ट आठवा. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, दारात देव आला, तर त्याने वीट फेकली आणि सांगितलं, थांब जरा. लहानपणापासून ही गोष्ट सेवेचा महिमा म्हणून ऐकत आलो. आता वेगळीच वाटते. पुंडलिकाला दोनच माणसं सांभाळायची होती, आणि देवाला थांबवायची त्याला मुभा होती. ताईला कुणाला थांब म्हणायची सोय होती?

त्या रात्री मी तिला पहिल्यांदाच विचारलं, "तेव्हा नाईटला किती पेशंट असायचे गं?"

एप्रिल २०२१. भालके आमदारांच्या निधनानंतरची पोटनिवडणूक १७ तारखेला झाली होती, सभा होऊन गेल्या होत्या, आणि दुसरी लाट जोरात होती. ताई जिल्ह्यातल्या एका कोविड सेंटरमध्ये होती. "खाटा चाळीस. सगळ्या भरलेल्या. नाईटला आम्ही दोघी."

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, अतिदक्षता विभागात एकास एक असं आहे. इथे एकीमागे वीस, आणि त्यातले निम्मे ऑक्सिजनवर.

ती सांगत होती ते शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं. किट घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, पाळी असली तरी नाही. चष्म्यावर वाफ धरलेली, शीर दिसत नाही, तशीच सलाईन लावायची. एका टोकाच्या पेशंटचा ऑक्सिजनचा आकडा उतरला म्हणून धावलं, की दुसऱ्या टोकाचा हाक मारतो. "माणूस गेला की त्याचा मोबाईल आम्ही पिशवीत घालून ठेवायचो. तो वाजायचा. घरून फोन. उचलायचा की नाही ते कुणी शिकवलं नव्हतं." अजून पहाटे तीनला जाग येते म्हणाली.

मावशी मध्येच म्हणाली, "आमच्या वेळी आषाढीला कॉलऱ्याच्या टोचण्या देऊन हात भरून यायचे. पण ती वारी संपायची गं. यांची संपतच नव्हती."

या दमून जाण्याला हल्ली बर्नआउट म्हणतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या यादीत त्याची व्याख्या दिली, ती मला महत्त्वाची वाटते. तो आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण वेळेवर आवरला गेला नाही, त्याचा परिणाम. म्हणजे बाई कमकुवत नसते. खाटा आणि माणसं यांचं गणित चुकलेलं असतं. पण आपण काय करतो? योगा सांगतो, टाळ्या वाजवतो.

कॅनडात टोरांटोला २००३ मध्ये सार्सची साथ आली होती. मे महिन्यात तिथल्या एका रुग्णालयातल्या नर्स सांगत होत्या, की साथ संपलेली नाही, वॉर्डात नवे पेशंट दिसताहेत. त्यांचं ऐकलं गेलं नाही आणि दुसरी लाट आली. पण नंतर न्यायमूर्ती कॅम्पबेल यांच्या आयोगाने नर्सना बोलावून विचारलं आणि त्यांचं न ऐकणं ही चूक होती हे छापून ठेवलं. 

आपल्याकडे? जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिकांनी भरती आणि इतर मागण्यांसाठी संप केला, मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध पुन्हा केला. लोक म्हणाले, सेवा करणाऱ्यांनी संप करावा का? नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण गेले. त्यानंतर लगेच चौघींना अटक झाली, एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. चूक कुणाची हे न्यायालयाचं काम, मी त्यात पडत नाही. पण अटकेच्या यादीत खाटेजवळच्या बायका पहिल्या, हे आर्थर रोडच्या दगडांसारखंच वाटलं.

आणि आता जे लिहायला जड जातंय ते. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता गॅलरीत उभं राहून मीही थाळी वाजवली होती, फोटो काढून ताईला पाठवला होता. त्याच वर्षी भाऊबीजेला आपण सगळ्यांनी (हो, आपणच, घरातली मंडळी वाचताय ना?) तिला फोन करून सांगितलं, "या वेळी राहू दे गं, घरात म्हातारी माणसं आहेत." काळजी खरी होती, चूक म्हणत नाही. पण नंतर एकदाही कुणी विचारलं नाही, की तू मग त्या दिवशी जेवलीस कुठे. मीही नाही.

उठताना तिला म्हटलं, लिहितो यावर. तर म्हणाली, "लिही. पण देवी-बिवी करू नकोस. खाटा किती होत्या ते लिही."

म्हणून लिहिलं. खाटा चाळीस, सिस्टर दोन.

नातेवाइकांनो, हे वाचून तिला फोन करणार असाल तर सलाम वगैरे म्हणू नका. आधी विचारा, सध्या नाईट आहे का. असेल तर दुपारी करू नका, ती झोपलेली असते.