नेवाशाची गाडीवाट

मंडळी, नेवाशाहून समुद्र लांब. सह्याद्री ओलांडल्याखेरीज त्याचे दर्शन नाही. मग प्रवरेकाठच्या मातीत शंखाच्या बांगड्या आल्या कशा? १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. सांकळियांनी येथे उत्खनन केले, तेव्हा अशा बांगड्या निघाल्या, रोमन मद्यकुंभांची खापरेही निघाली.

हा माल वाहिला बैलांनी. पहिल्या शतकातला एक ग्रीक लेखक सांगतो, की भडोचहून पैठण वीस दिवसांची वाट. धड रस्ता नाही, तरी पैठणचा माल गाड्यांतून तिकडे जाई.

आणि समुद्रात? तिथे देवमासे! इ. स. पूर्व ३२५ मध्ये शिकंदराचा दर्यासारंग निआर्कस मकरानच्या किनाऱ्याने चालला असता पाण्याचे फवारे उडाले, अन् भीतीने वल्हेकऱ्यांच्या हातची वल्हीच गळाली. ग्रीकांनी हे लिहून ठेवले. आपल्या गाडीवानाने काय पाहिले, ते कोणी लिहिले नाही. त्याची साक्ष देतात ती खापरे.

म्हणून गुरुजी, मुलांना टेकाड जरूर दाखवा. पण खापर उचलू देऊ नका. जागचे हलले, की ते मुके होते.