कॉलेज रेडिओवर नव्या स्वतंत्र संगीताचा तास : परवानगी, हक्क आणि आखणी

होस्टेलच्या खोलीत, एका लॅपटॉपवर आणि साध्या माईकवर केलेलं गाणं आज काही मिनिटांत इंटरनेटवर चढतं. ते शेजारच्या गल्लीत ऐकलं जाईलच असं मात्र नाही. खासगी एफएमवर चित्रपटगीतांचं राज्य आहे, आणि मोबाईलवरचं ॲप आधीच गाजलेलंच पुन्हा पुढे करतं. महाराष्ट्राबाहेर मराठीत लिहिणाऱ्या-गाणाऱ्या मुलांची अडचण दुहेरी असते. मुंबई-पुण्याच्या वर्तुळात ती नसतात आणि राहत्या शहराच्या माध्यमांत त्यांच्या भाषेला जागा कमी असते. कॉलेजच्या रेडिओवरचा आठवड्याचा एक तास ही कोंडी काही प्रमाणात फोडू शकतो. असा कार्यक्रम कसा उभा राहतो, कायदा कुठे लागू होतो आणि निवेदकाने काय सांभाळायचं, याची ही माहिती.

स्वतंत्र संगीत म्हणजे काय

मोठ्या संगीत कंपनीशी किंवा चित्रपटाशी बांधील नसलेलं, कलाकाराने स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या मर्जीने केलेलं संगीत म्हणजे स्वतंत्र किंवा इंडी संगीत. रॅप, रॉक, लोकधुनांवरचे प्रयोग, गझल, इलेक्ट्रॉनिक असा कुठलाही बाज त्यात येतो.

ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. गोव्याच्या शिवोलीत रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट घरीच चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन स्वतः पोचवली. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने २०१० मध्ये आपला अल्बम इंटरनेटवर मोफत खुला केला. मराठीत अलीकडे आलेलं गाणं म्हणजे क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं २०२४ चं ‘तांबडी चामडी’. मराठी शब्द नाचाच्या इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर देशाबाहेरही चालू शकतात, हे त्याने दाखवलं.

कॉलेज रेडिओ कुठून आला

अमेरिकेत १९४८ पासून शैक्षणिक संस्थांना अवघ्या १० वॅटच्या एफएम केंद्राचा परवाना मिळू लागला आणि विद्यापीठांच्या आवारात छोटी केंद्रं उगवली. व्यापारी केंद्रं जे वाजवत नसत ते विद्यार्थी वाजवू लागले. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० मध्ये सुरू झालेला ‘आर.ई.एम.’ हा बँड याच केंद्रांच्या आधारे देशभर पोचला. सिएटलमधलं ‘केसीएमयू’ हे विद्यार्थ्यांचं केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं. तेच पुढे ‘केईएक्सपी’ नावाने स्वतंत्र संगीताचं जगभर ऐकलं जाणारं केंद्र बनलं.

आपल्याकडे तरुणांना माईक देण्याचं काम आधी आकाशवाणीने केलं. १९६९ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘युववाणी’ नंतर अनेक केंद्रांवर पोचली. कॉलेजला स्वतःचं केंद्र मिळायला मात्र आणखी तीन दशकं गेली.

भारतातली परवानगी

प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्यानंतर २००२ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं ‘अण्णा एफएम’ १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालं. २००६ मध्ये धोरण विस्तारलं आणि स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळू लागली.

कॉलेजचा एफएम रेडिओ याच सामुदायिक रेडिओच्या चौकटीत चालतो. परवानगी केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय देतं, आणि ती संस्थेला मिळते, विद्यार्थ्यांच्या गटाला नाही. निवेदकाला माहीत असायलाच हवेत असे नियम हे :

– प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणपणे कमाल १०० वॅट आणि अँटेनाची उंची कमाल ३० मीटर. त्यामुळे पल्ला साधारण ५ ते १० किलोमीटर.

– निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले हवेत.

– स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. परीक्षा, प्रवेश, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम ही माहिती चालते.

– जाहिरातींची मर्यादा आधी तासाला ५ मिनिटं होती, पुढे ७ झाली. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ती १२ मिनिटांवर नेली.

– प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो.

पल्ला छोटा असल्यामुळे एकच फ्रिक्वेन्सी देशात अनेक ठिकाणी वापरता येते. म्हणूनच बेळगावचं केएलई वेणुध्वनी, पुण्याचा एफटीआयआयचा रेडिओ आणि हैदराबाद विद्यापीठाचं ‘बोल हैदराबाद’ ही तिन्ही केंद्रं ९०.४ वर सापडतात.

कॉलेजचं स्वतःचं केंद्र नसेल तर दोन वाटा उरतात. शहरातल्या एखाद्या सामुदायिक केंद्राकडे आठवड्याचा एक तास मागायचा, किंवा इंटरनेट रेडिओ सुरू करायचा. इंटरनेटसाठी एफएमचा परवाना लागत नाही, पण गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

भाषेचा मुद्दा

सीमाभागातल्या कॉलेजात हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो : मराठी कार्यक्रम चालेल का? सामुदायिक रेडिओच्या धोरणात स्थानिक भाषा आणि बोलींना प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. त्यामुळे जिथे मराठी बोलणारी वस्ती आहे तिथे मराठी तास हा धोरणाच्या बाहेर जात नाही. अर्ज करताना ‘आमच्या भाषेवर अन्याय’ असा सूर लावण्यापेक्षा ‘केंद्राच्या पल्ल्यातल्या इतक्या वाड्या-वस्त्यांत ही भाषा बोलली जाते’ असं लिहिणं उपयोगी पडतं.

नव्या गाण्यांच्या तासात भाषांची सरमिसळ होणारच. बेळगावचा ड्रमर कानडी असतो, गायिका मराठी आणि गिटारवाला कोकणी. पाहुणा बोलता बोलता कानडीत शिरला तर त्याला थांबवू नये. त्याचं बोलणं पुरं झालं की निवेदकाने दोन वाक्यांत मराठीत सांगावं आणि पुढे जावं. श्रोता तुटत नाही आणि पाहुण्याचा मानही राहतो.

गाणं नेमकं कोणाचं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात आणि ते तीन वेगळ्या माणसांकडे असू शकतात. गायकाने व्हॉट्सॲपवर ‘लाव रे गाणं’ म्हटलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. शब्द मित्राचे असतील आणि बीट इंटरनेटवरून विकत घेतलेला असेल, तर त्या मित्राचा होकार हवा आणि बीटच्या परवान्यात प्रसारणाला मुभा आहे का तेही पाहायला हवं.

गीतकार किंवा संगीतकार इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा सदस्य असेल तर प्रसारणाचे हक्क त्याने संस्थेकडे सोपवलेले असतात. अशा वेळी त्याची एकट्याची चिठ्ठी पुरत नाही, केंद्राने संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ३१ ड प्रसारकांना ठरलेला मोबदला भरून प्रकाशित गाणी वाजवण्याची सोय देतं, पण त्यासाठी आगाऊ नोटीस द्यावी लागते. हे काम निवेदकाचं नाही, केंद्रप्रमुखाचं. निवेदकाने गाण्यांची यादी वेळेत द्यायची.

संतरचना घेऊन केलेल्या नव्या गाण्यांबाबतही गैरसमज असतो. भारतात लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे तुकोबांचे अभंग किंवा बसवण्णांची वचनं यांचे मूळ शब्द सर्वांना खुले आहेत. पण त्या शब्दांना एखाद्या आधुनिक संगीतकाराने दिलेली चाल त्याची असते. चित्रपटगीत स्वतःच्या गिटारवर म्हटलं तरी ते स्वतंत्र गाणं ठरत नाही, शब्द आणि चालीचे हक्क मूळ मालकांकडेच राहतात.

यावर सोपा उपाय म्हणजे एका पानाचं संमतिपत्र. त्यात गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, गायक-वादक, ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचं, बीट कुठून आणला, कुठल्या संस्थेचं सदस्यत्व आहे का, आणि परवानगी फक्त एफएमसाठी की इंटरनेटसाठीही, एवढे रकाने असले की पुष्कळ झालं. खाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

गाणी मिळवायची कुठून

सुरुवात आपल्याच आवारातून होते : स्नेहसंमेलनातले बँड, युवक महोत्सवातले संघ, संगीत विभागातली मुलं. त्यानंतर गावातले भजनी मंडळातले तरुण पखवाजवादक, गोव्यातले तियात्राच्या बँडमध्ये वाजवणारे, इंदूर-बडोद्यातल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवात गाणारे. कार्यक्रमासाठी वेगळा ई-मेल पत्ता ठेवावा आणि प्रत्येक गाण्याला उत्तर द्यावं, नकार असला तरीही. नकाराचं कारण सांगितलं तर तोच मुलगा चार महिन्यांनी बरं गाणं घेऊन येतो.

फाईल शक्यतो वेव्ह स्वरूपात मागावी, नाहीतर ३२० केबीपीएसची एमपीथ्री. व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून आलेली फाईल दबलेली असू शकते, ती टाळावी. गाणं आधी पूर्ण ऐकावं. आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता सामुदायिक रेडिओलाही लागू आहे. रॅपमधल्या शिव्या किंवा कुणा जाती-धर्मावरचा शेरा प्रसारणात गेला तर जबाबदारी संस्थेवर येते. कलाकाराला विचारूनच शब्द झाकावेत, परस्पर कापू नयेत.

एका तासाची आखणी

६० मिनिटांचा साधा हिशेब असा : सरासरी चार मिनिटांची नऊ गाणी म्हणजे ३६ मिनिटं, पाहुण्याशी गप्पा १२, निवेदन ८, केंद्राची ओळख आणि जाहिराती ४. गप्पा एका दमात न घेता चार-चार मिनिटांच्या तीन तुकड्यांत घेतल्या की नवखा पाहुणाही सैलावतो. पहिलं गाणं वेगाचं असावं आणि सर्वात अनोळखी प्रयोग तासाच्या मध्यावर. वेगवेगळ्या घरांत मुद्रित झालेल्या गाण्यांचे आवाज कमीजास्त असतात, ते आधीच एका पातळीवर आणून ठेवावेत. एक जास्तीचं गाणं हाताशी असावं. पाहुणा उशिरा आला की त्याची किंमत कळते.

माईकसमोर

माईक आणि तोंड यांत एक वीत अंतर ठेवावं, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. गाणं संपल्यावर गाण्याचं आणि कलाकाराचं नाव पुन्हा सांगावं, कारण निम्मे लोक मध्येच रेडिओ लावतात. वर्गमित्र असला तरी हवेवर ‘तुम्ही’च म्हणावं. दोघांमधली अरे-तुरे बाहेरच्या श्रोत्याला परकं करते. ‘प्रेरणा काय?’ असले प्रश्न सोडून ‘हे कुठल्या खोलीत रेकॉर्ड केलं?’, ‘घरच्यांनी ऐकलं का?’ असं विचारलं की खरं बोलणं सुरू होतं.

पल्ल्याच्या पलीकडे

दहा किलोमीटरच्या लहरीवर बेळगावचं गाणं बडोद्याला पोचणार नाही. त्यासाठी दोन केंद्रांनी मुद्रित तासांची देवाणघेवाण करणं हा एक मार्ग. दुसरा म्हणजे पॉडकास्ट, पण तिथे जपून. कलम ३१ ड ची सोय इंटरनेटवरच्या सेवांना लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे एफएमवर रीतसर वाजलेलं गाणं पॉडकास्टमध्ये आपोआप चालत नाही. संमतिपत्रात इंटरनेटचा रकाना असावा तो याचसाठी.

तीन महिन्यांची नियमातली मुदत संपल्यावर मुद्रण पुसून टाकण्याची घाई करू नये. तारीख, गाण्याची आणि कलाकाराची नावं लिहून फाईल कॉलेजच्या ग्रंथालयात जमा करावी. दर तीन वर्षांनी विद्यार्थ्यांची पिढी बदलते, निवेदकही बदलतो. पुढच्या निवेदकाच्या हाती गाण्यांची यादी, संमतिपत्रांची फाईल आणि कलाकारांचे संपर्क पडले तर कार्यक्रम टिकतो. नाहीतर पहिल्या निवेदकाच्या निरोप समारंभाबरोबरच तो बंद पडतो.